कामावर हजर

नव्या भट्टीत पहिल्याच दिवशी शहराच्या कचऱ्याबरोबर माझे वडीलही जळाले. मात्र असं काही घडलंच नाही, असं सफाई खात्याने ठरवलं आहे. मी खात्याचं मीठ खातो. तेव्हा घडलंच नाही असं धरून पुढचं सांगतो.

बाबा झाडूवाले, मी कचऱ्याची बैलगाडी हाकणारा. आमची खोली खात्याची, बाबांच्या नावावर. नियम असा की झाडूवाला रोज सकाळी चौकात हजेरीला स्वतःच्या पायांवर उभा दिसला पाहिजे आणि दिवसभर रस्त्यावर. नाही दिसला की बिऱ्हाड रस्त्यावर. म्हणजे रस्त्यावर कोणीतरी हवंच, एवढाच खात्याचा आग्रह.

हजेरी घेणारा मुकादम म्हणजे आईचा सख्खा भाऊ. मामाच मुकादम म्हटल्यावर आमची चंगळ असेल, असं शेजाऱ्यांना वाटायचं. मामाही नात्याला जागायचा. इतरांना एक शिवी, आम्हाला दोन.

त्या सकाळी बाबा तापाने फणफणले होते. आईने त्यांना उठवून बसवलं, मी चौकात नेऊन झाडूला टेकवून उभं केलं. त्या दिवशी झाडूनेच बाबांना धरलं होतं. मामाने हाक मारली, बाबांनी "हजर" म्हटलं. मामा जवळ येऊन बघत राहिला.

"दाजी, डोळे लाल दिसतात."

"धूळ गेली."

"धूळ खात्याची आहे. घरी नेऊ नका."

कोपरा वळल्यावर मी बाबांना गाडीत आडवं केलं, वर गोणपाट टाकलं, त्यावर थोडा पालापाचोळा पसरला. मागच्या तापातही आम्ही हेच केलं होतं. गावाबाहेरच्या खड्ड्यावर गाडी उलटली की बाबा कचऱ्याबरोबर अलगद घरंगळायचे, अंग झटकायचे आणि आडवाटेने घरी येऊन झोपायचे. उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते म्हणतात. बाबांना तिथे निदान डुलकी तरी मिळायची.

पण नाक्यावर शिपायांनी सगळ्या गाड्या अडवल्या. खड्डा आजपासून बंद, गाड्या नव्या भट्टीकडे न्यायच्या. बड्या साहेबाचे पाहुणे बघायला येणार, म्हणून प्रत्येक गाडीशेजारी एक शिपाई चालू लागला. गोणपाटाखालून बाबांनी हळूच विचारलं, बैल वळले का रे. मी बैलांना हाकल्यासारखं करून म्हटलं, वळले. मग वळू देत, बाबा म्हणाले, सरकारी बैल आहेत.

भट्टीसमोर गालिचा अंथरला होता. खुर्च्या होत्या, वाजंत्री होती, मडमांच्या नाकाला अत्तराचे रुमाल होते. बैल सोडून गाडी चढावर मागे रेटायची, मागची फळी काढायची, की माल थेट आगीच्या तोंडात. साहेबाला या योजनेचा फार अभिमान होता. त्यात माणसाचा हात कुठे लागत नाही, असं तो पाहुण्यांना सांगत होता.

मामा धुतलेला कोट घालून उभा होता. मी त्याच्या कानात सांगितलं की गाडीत बाबा आहेत. मामाने शांतपणे विचार करून मला समजावलं. दाजींनी सकाळी हजेरी दिली, म्हणजे ते कामावर आहेत. कामावरचा झाडूवाला रस्त्यावर असतो. रस्त्यावरचा माणूस गाडीत कसा असेल? मी हात जोडून थेट साहेबासमोर गेलो आणि मोठ्याने सांगितलं. दोन शिपायांनी माझे दंड धरले. दुभाष्याने साहेबाला समजावलं, पाहुणे हसले.

साहेब हसला नाही. माणूस न्यायी होता. स्वतः गाडीपाशी आला, आणि दुभाष्याकरवी विचारलं, "आत कोणी असेल तर त्याने आवाज द्यावा."

बाबांना सगळ्या नोकरीत एकच धडा मिळाला होता: साहेबासमोर ब्र काढायचा नाही. तो धडा ते त्या दिवशीही विसरले नाहीत.

"बाबा, बोला ना," मी म्हटलं.

गोणपाटाखालून अगदी बारीक आवाज आला. "गप्प बस. खोली जाईल."

साहेबाला तो ऐकू गेला नाही. मामा मात्र चाकाला खेटून उभा होता. त्याला एकदम खोकला आला.

साहेबाने घड्याळ काढलं आणि वाजवी वेळ वाट पाहिली. मग रुमाल हलवला. हा खड्डा नाही, बाबा, भट्टी आहे, असं मी ओरडत होतो, पण तोवर वाजंत्री सुरू झाली होती. लोक आगीतून फुफाट्यात पडतात. बाबांचा जन्मच फुफाट्यात गेलेला, त्यांना जायला दुसरी जागा कुठे होती? टाळ्या पडल्या. एका मडमेने वासाबद्दल विचारलं. कचरा ओला आहे, साहेब म्हणाला.

दुसऱ्या सकाळी मामाने बाबांना दोनदा हाक मारली, माझ्याकडे बघितलं, आणि गैरहजर म्हणून पुढचं नाव घेतलं. संध्याकाळी आईचं सांत्वन करायला घरी आला. काही पुरुष असे निघून जातात, ताई, म्हणाला.

आईने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. "तू तिथं होतास ना रे?"

"मी हजेरी घेतली, ताई. दाजी हजर होते. त्यापुढचं माझ्याकडे नाही."

जाता जाता त्याने निरोप दिला: दाजी स्वतः हजेरीला उभे राहिले नाहीत तर शनिवारी खोलीला कुलूप. म्हणून मी अर्ज केला आहे. त्यात वडील जळाल्याचा उल्लेख नाही. जे घडलं नाही ते कसं लिहिणार?

मेहेरबान बडे साहेब यांचे सेवेशी. माझे वडील खात्याच्याच भट्टीत असल्याने त्यांना हजेरीस येणे जमत नाही. तरी भट्टी एक सकाळ थंड ठेवावी, आतील राख चौकात हजेरीच्या रांगेत ठेवण्यास परवानगी असावी, आणि मुकादमांनी हाक मारल्यावर हजर म्हणण्यास वडिलांना वाजवी वेळ देण्यात यावा, ही नम्र विनंती.