सुईत धागा असताना

थोरलीनं व्रतच घेतलं होतं. वेदीच्या कापडावर क्रूस भरताना तोंडातून शब्द काढायचा नाही. सुईत सोनेरी धागा ओवला की ओठ शिवले गेले म्हणून समजा. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भक्तीतही नसावं, असं तिला आपलं वाटे.

क्रूसाचा उजवा हात तेवढा भरायचा राहिला होता, तेव्हा धाकटी जाऊ दारात येऊन उभी राहिली. सासरे गेल्यावर शिलाई मशीन कुणी ठेवायचं यावरून दोघींचं फाटलं होतं. मशीन थोरलीकडे राहिलं. तेव्हापासून जिन्यात गाठ पडली तर एक भिंतीकडे बघे, दुसरी स्वतःच्या पायांकडे.

"ताई, आम्ही निघालो. यांना दुसऱ्या गावी कायमचं काम मिळालंय. खाली टेम्पोत सामान चढतंय."

टाका वर आला, खाली गेला.

"मशीनवरून मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. मनात ठेवू नका. तेवढंच सांगायला आले."

थोरलीचा हात थबकला. शब्द घशापर्यंत आले. पण सुईत धागा होता. तिनं मान हलवून कापडाकडे खूण केली, म्हणजे बघ बाई, मी कशात आहे ते. धाकटीला वाटलं, तोंड फिरवलं.

"बरं," म्हणून ती जिना उतरली.

पलंगावर सासूबाई वाटाणे सोलत होत्या. "काय गं, जीभ गहाण टाकलीस का?"

थोरलीनं ओठांवर बोट ठेवलं.

"पुरे झालं तुझं सोवळं! ज्याचा क्रूस भरतेस तो त्याच्यावर टांगलेला असतानाही बोलला. मारणाऱ्यांना माफ कर म्हणाला. तुझ्या तोंडाला कुणी खिळे ठोकलेत?"

खाली टेम्पो घरघरला. थोरलीनं सुई होती तिथंच खुपसली आणि बोटातल्या अंगुस्तानासकट जिन्याकडे धावली.

"थांबा!" टेम्पोच्या फळीवर तिनं थाप मारली. धाकटीनं आतून डोकं बाहेर काढलं. थोरलीला धाप लागली होती. मनातलं सगळं बोलायचं होतं, ते जमेना.

"मशीनपुरती जागा होईल का गं?"

"आणि तुमचं काम?"

"हातांनी शिवीन. तू खाली उतर आधी, मला एकटीला उचलवायचं नाही ते."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, कापड वेदीवर अंथरताना फादर थबकले. "एक हात राहिलाय?"

"हो," थोरली म्हणाली. "मध्येच उठावं लागलं."