पुढच्या डाव्या चाकाचा ड्रम

चाक उतरवलं, पण त्यामागचा ब्रेकचा ड्रम निघता निघेना. वर्षभर गाडी शेडमध्ये झाकून ठेवल्यावर दुसरं काय होणार? लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी ठोकलं, मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, तेव्हा कुठे तो हातात आला.

गाडी बाबांची, माझ्याहून वयाने मोठी. गेल्या वर्षी दादाने ती उतारावरून थेट फाटकाच्या खांबावर घातली आणि स्वतःचा पाय मोडून घेतला. "ब्रेक दाबला, लागलाच नाही," एवढंच तो सांगत राहिला. बाबांना ते पटेना. "आदल्याच दिवशी ब्रेक मी स्वतः बघितलेत. हाणली असेल वेगात, आणि आता खोटं बोलतोय." तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. दादा वेगळा राहायला गेला, अजून लंगडतो. आणि मी? गॅरेज चालवणारी त्याची सख्खी धाकटी बहीण, मीही बाबांचीच री ओढली. गाडीला कोणी हात लावायचा नाही हा त्यांचा हुकूमही मुकाट्याने पाळला. आता त्यांनाच ती चालवायची हुक्की आली, म्हणून ब्रेक नव्याने बसवायला घेतले होते.

ड्रमच्या आत पाहिलं आणि हबकलेच. ब्रेक शूंवरचं लायनिंग तेलाने थबथबलेलं. हे लायनिंग ड्रमला घासतं म्हणून तर चाक थांबतं. त्याला तेल लागलं की कारभार आटोपला. ब्रेक ऑइलचा सिलिंडर गळत असेल म्हणून त्याची रबरी टोपी उचकटली. आत कोरडं ठणठणीत. बोट लावून वास घेतला. ब्रेक ऑइल नव्हतंच ते. हा वास तर लहानपणापासून बाबांच्या शर्टाला येत आलाय. जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली त्यांनी.

"बाबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की ते चष्मा कपाळावर ठेवूनच धावत आले.

"यात तेल कोणी घातलं?"

"मी," ते सहज म्हणाले. "किती कुरकुरत होते! ड्रमला हे भोक असतं ना, त्यातून लांब नळीच्या बुधलीने दिलं. चारी चाकांना. कुरकुरलं की तेल, त्यात काय शिकायचंय?"

"पण कधी?"

"तेव्हाच की. म्हटलं होतं ना, आदल्या दिवशी..."

 त्यांनी तेलकट ब्रेक शूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्यांचा इतका राग आला होता की हातोडा भिंतीवर फेकावा. पण तो राग माझ्यावरच उलटला. 'बघितलेत म्हणजे नेमकं काय केलंत?' एवढा साधा प्रश्न मी, चांगली मेकॅनिक म्हणवणारी, वर्षभरात एकदाही विचारला नव्हता. 

"मशीनला चालतं गं," बाबा पुटपुटले. मग म्हणाले, "म्हणजे तो... खरं बोलत होता?"

"हो, बाबा."

ते मटकन स्टुलावर बसले. दादाला फोन लावून देऊ का, मी विचारलं. त्यांनी नुसताच हात पुढे केला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "ब्रेकमध्ये तेल मी घातलं होतं. मीच. आज कळलं. तू खरं बोलत होतास."

 मी फोनला कान लावून उभी होते. आता दादा वर्षभराचं सगळं उट्टं काढणार, आणि काढावंच त्याने, असं मला वाटत होतं.

"बाबा," दादा घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाला, "त्यानंतर तुम्ही ती चालवली नाहीत ना?"