सोमवारचं मौन

खालापूरच्या त्या बिस्किटांच्या कारखान्यात हूटर वाजला की पॅकिंगच्या बाया "कोकलला मेला!" म्हणून हसायच्या आणि पुढच्या खोक्याला हात घालायच्या. सुप्रियाचं तसं नव्हतं. पट्ट्यावरचं एखादं खोकं वजनाला कमी भरलं की पट्टा थांबायचा, मशीनवरचा पिवळा दिवा लागायचा, हूटर वाजायचा आणि तिच्या आतलं सगळं विझून जायचं. हात खोक्यावर असायचे, पण ते तिचे नसायचे. कुणी काही विचारलं तर कळायचं, उत्तरही ठाऊक असायचं, तोंडापर्यंत मात्र ते पोचायचं नाही. दुखायचं नाही की रडू यायचं नाही. भिंतीला जे वाटत असेल तेच वाटायचं.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं होतं, ऑटिझम. जन्मापासूनचं आहे, वेड नाही, आवाजाला जपा, असं त्या म्हणाल्या होत्या. सुप्रियाने पोशीरला घरी येऊन ते आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली आणि निवडतच राहिली.

सुप्रियाचे नेम तिचे तिने घेतलेले होते. पहाटे तुळशीपुढे दिवा, एक स्तोत्र, मगच चहा. श्रावणातल्या सोमवारी दिवसभर उपास आणि संध्याकाळी दिवा लावून न बोलता जेवायचं. शाळेत असताना ती अख्खा दिवस मौन धरायची. त्या दिवशी तिला कुणी बोलायला लावायचं नाही, म्हणून महादेव तिला फार आपला वाटायचा. कारखान्यात लागल्यावर दिवसभराचं मौन जमेना, तेव्हा देवापुढे हात जोडून तिने ते जेवणापुरतं मागून घेतलं होतं.

नोकरी अजून कच्ची होती. कायम करायचं की घरी पाठवायचं हे गणपतीनंतर ठरायचं होतं, आणि वरचे साहेब ते शिफ्टच्या रूपेश सरांच्या शब्दावर ठरवणार होते. खोपोलीचा हा माणूस बोलायला तिखट, पण खोटा नव्हता. त्यांनी तिच्या कानातले कापसाचे बोळे एकदा पाहिले आणि काढायला लावले.

"उद्या आग लागली, मोठा हूटर वाजला आणि तुला कळलंच नाही तर? कुणाची मान अडकेल? माझी."

"बॉयलरवाल्यांना कानावर घालायचे मफ मिळतात," सुप्रिया हळू म्हणाली.

"तू बॉयलर चालवतेस का?"

बाया हसल्या. तिने बोळे खिशात टाकले.

श्रावणातला दुसरा सोमवार. सकाळपासून पट्टा रडतखडत चालला होता. हूटर वाजला, थांबला, पुन्हा वाजला. पट्टा परत सुरू झाला तरी सुप्रिया हातात खोकं धरून उभीच राहिली. मागून येणारी खोकी एकमेकांवर चढली, दोन खाली पडून फुटली.

"अगं ए! काय चाललंय?" रूपेश सर धावत आले. "सुप्रिया! तुझ्याशी बोलतोय मी! बहिरी झालीस का?"

ती त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली.

"चल, बॅग उचल. घरी जा. असं नाही चालणार."

तेवढ्यात शेजारच्या जागेवरून विमलबाई पुढे आल्या. पॅकिंगमध्येच त्यांचे केस पांढरे झालेले. "ओ सायब, वरडू नका तिच्यावर. सोमवार हाय ना आज? तिचं मौन हाय. व्रत हाय तिचं."

रूपेश सरांचा चेहरा पार बदलला. दाराकडे रोखलेलं बोट खाली आलं. "मग आधी नाही का सांगायचं? बाप रे. माझी आईपण करते." त्यांनी तिच्याकडे बघून हात जोडले. थोड्या वेळाने स्वतःच बॉयलरकडून मफ आणून तिच्या टेबलावर ठेवले. "व्रत मोडायला नको. आजच्या दिवस घाल."

तिने ते घातले. हूटर ऐकू येत होता, पण लांबून, शेजारच्या गावातल्या लग्नासारखा. अंगात शिरत नव्हता. दुपारपर्यंत तिचे हात तिला परत मिळाले. ती बोलू शकली असती. बोलली नाही.

सुटल्यावर बसमध्ये विमलबाई तिच्याजवळ सरकल्या. "बघितलंस? आता सगळा श्रावणच मौन हाय म्हनायचं. मग चातुर्मास हायच. कार्तिकीपर्यंत निघतंय बघ आरामात! देवाचं नाव घेतलं की कोन नाय बोलत."

"मावशी, माझं मौन जेवणापुरतं आहे."

"अगं देवाला कलतंय सगलं. तो काय हजेरी मांडायला बसलाय?"

संध्याकाळी तिने दिवा लावला. आईने वालाचं बिरडं आणि भात वाढला. ती मुकाट बसली. घास तोंडात फिरत राहिला. दिव्याकडे पाहिलं तर नुसता दिवा दिसला, तेल, वात, ज्योत. आज आपण खरंच मौन धरलंय की ते अजून दुपारचंच चाललंय, हे तिचं तिलाच सांगता येईना. आयुष्यात तिच्यापाशी एवढी एकच गोष्ट पुरती खरी होती. ती तिने पट्ट्यावर ठेवून दिली होती, इतर खोक्यांसारखी.

मंगळवारी पट्टा सुरू व्हायच्या आधी ती मफ हातात घेऊन रूपेश सरांपुढे उभी राहिली.

"सर, काल व्रत नव्हतं. म्हणजे होतं, पण संध्याकाळचं. दुपारचं खोटं होतं. मला ऑटिझम आहे. आवाज सोसत नाही, बोलणं बंद पडतं."

"मग काल खोटं बोललीस?"

"बोलले नाही. गप्प राहिले."

रूपेश सरांनी कपाळ चोळलं. "व्रत असतं तर बरं झालं असतं गं. वरच्या साहेबांना लगेच पटलं असतं. आता हे काय सांगू मी त्यांना?"

बसमध्ये घोकून ठेवलेलं तिने म्हणून टाकलं. "मफमधूनही हूटर ऐकू येतो. पिवळा दिवाही दिसतो. मोठा हूटर वाजला आणि मी उभीच राहिले, तर शेजारणीने हात धरून बाहेर न्यावं. एवढंच."

"शेजारीण म्हणजे विमलबाई. काय हो, न्याल का?"

विमलबाईंनी मान फिरवली. "माजे दात माज्या घशात घातलेत पोरीनं. मी कशाला नेऊ? तिचा देव नेईल."

"मफ ठेव," रूपेश सर म्हणाले. "वरती बोलून बघतो. तुला कायम करायचं मात्र मी काही कबूल करत नाही. ते हो म्हणतील असं मला वाटतही नाही."

"हो," सुप्रिया म्हणाली. तिला बरं वाटलं नाही की वाईटही.

पट्टा सुरू झाला. विमलबाई दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत, डब्यातलं लोणचंही पुढे केलं नाही. दुपारी एक खोकं कमी भरलं. पट्टा थांबला, दिवा लागला. सुप्रियाचे हात जागच्या जागी राहिले. तेव्हा एक कोपर तिच्या बरगडीत जोरात बसलं. विमलबाई समोर बघत होत्या, जणू ते कोपर दुसऱ्याच कुणाचं होतं.

सुप्रियाने हलकं खोकं उचलून बाजूला ठेवलं. "दिसला मावशी, दिवा," ती म्हणाली.

विमलबाईंचे ओठ हलले. मफमधून शब्द लांबून आले. "मी कुटं बोलतेय तुज्याशी?"