दुआनकाकांचा लपवलेला खोकला

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे. रुग्णालयात लोखंडी दांडीला अडकवतात, तसला. औषध थेंबाथेंबाने मोजून शिरेत सोडणे हे माझे काम. शेन्झेनच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तीन दिवस मी न चुकता पाणी मोजून दाखवले, तेव्हा माझ्या पाठीवर हिरवा शिक्का बसला. मग खोक्यात बंद होऊन मी उत्तर चीनमधल्या थायहांग डोंगराच्या पायथ्याशी, एका रुग्णालयात आलो.

या भागात अन्ननलिकेचा कर्करोग पिढ्यानपिढ्या मुक्कामाला आहे. लोक त्याला 'घास अडकण्याचा आजार' म्हणतात. जेवताना कोणी दोनदा पाणी मागितले, तरी घरातली माणसे एकमेकांकडे बघतात.

मला ज्या कक्षात लावले तिथे एक चाचणी चालली होती. रोग पसरल्यामुळे ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नव्हती, अशा रुग्णांना नेहमीची दोन औषधे द्यायची आणि जोडीला तिसरी पिशवी. अर्ध्या जणांच्या तिसऱ्या पिशवीत नवे औषध असे, अर्ध्यांच्या पिशवीत नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नसे, डॉक्टरांनाही नसे. म्हणजे आशेपायी कोणाची नजर फसत नाही. ती तिसरी पिशवी माझ्या वाट्याला होती. मुख्य परिचारिका ताओताई नव्या मुलींना सांगायच्या, "हा पंप कधी दगा देत नाही हं." ते ऐकून मला बरे वाटे.

दुआनकाका आले तेव्हा साठीचे होते. पाथरवट. जात्यांना टाकी लावण्यात त्यांची हयात गेली होती. वडील आणि थोरला भाऊ याच आजाराने गेलेले. राळ्याची पातळ पेजही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. तरी तोंड मात्र चालू.

"ताई, वरून कशाला ओतताय?" ते म्हणत. "मोरीच तुंबलीय."

"म्हणून तर मागच्या दाराने देतोय, काका," असे म्हणून ताओताई सुई टोचत. हातावरच्या शिरा आत गेल्या होत्या, म्हणून सुई कोपराच्या खळगीत लागायची.

औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला त्यांची बायको लानयिंग डब्यातून हाताने ओढलेल्या शेवया घेऊन आली. काकांनी एक शेवय तोंडात घेतली. शेजारच्या खाटांवरची माणसे बोलायची थांबली. काकांनी डोळे मिटले आणि गिळले.

"उतरली," ते म्हणाले. "रुईची आई, अजून वाढ."

लानयिंगने डबाच त्यांच्या वाडग्यात उपडा केला.

चौथ्या फेरीत मी वाजू लागलो. मित्रांनो, मला तीनच गोष्टी ओरडून सांगता येतात: नळीत हवा शिरली, पिशवी संपली, नळी अडली. 'नळी अडली' म्हणून मी वाजलो. ताओताई धावत आल्या. नळी मोकळी होती. त्यांनी बटण दाबून मला गप्प केले. जरा वेळाने मी पुन्हा वाजलो.

"जुनं यंत्र आहे ताई," काका हसून म्हणाले. "माझ्यासारखंच. उगाच बोंबलतंय."

पण मला कारण दिसत होते. काकांना खोकला येत होता. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून ते कोपर दुमडून बाही तोंडावर दाबत. कोपर दुमडले की सुई अडे, आणि सुई अडली की मी वाजे. हे सांगणारी चौथी घंटा मला कोणी दिली नव्हती.

पाचव्या फेरीला ताओताई दुसऱ्या खोलीत गेल्या होत्या, तेव्हा लानयिंग खाली वाकून कुजबुजली.

"सांगा ना त्यांना. जिना चढताना चारदा बसलात."

"सांगितलं की औषध बंद. नाव काढतील चाचणीतनं. मग काय, परत पेज? बापासारखा उपाशी मरू?"

"आणि दम कोंडून गेलात तर?"

"दगडाची धूळ आहे गं ती. चाळीस वर्षं खाल्लीय. तुला आपल्या रुईची शपथ आहे, तोंड उघडू नकोस."

मी थेंब सोडत राहिलो. हाच थेंब त्यांचा घास मोकळा करत असेल, आणि हाच त्यांचा श्वास बंद करत असेल. थांबणे माझ्या हातात नव्हते. त्या दिवशी मी सहा वेळा वाजलो.

"बस्स झालं," ताओताई वैतागून म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर 'बिघडलेला' अशी पिवळी चिठ्ठी डकवली, मला ढकलगाडीवर ठेवले आणि माझ्या जागी कोरा करकरीत पंप लावला. इतक्या वर्षांच्या चाकरीचे हेच फळ का, असे माझ्या मनात आले.

थोड्याच वेळात नवा पंपही वाजला. नळी अडली!

ताओताईंचा हात बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी पंपाकडे पाहणे सोडले. स्टूल ओढून त्या काकांसमोर बसल्या.

"काका, हात सरळ ठेवा बरं."

काकांनी हात सरळ केला. कपाळावर घाम आला. ओठ घट्ट मिटून त्यांनी खोकला आत दाबला. मान फुगली, ओठ निळे पडले. मग बांध फुटावा तसा खोकला फुटला, आणि थांबेचना.

"किती दिवस झाले?" ताओताईंनी विचारले.

"आत्ताच..."

"सतरा!" लानयिंग ओरडली. "सतरा दिवस झाले, ताई. लागू दे ती शपथ!"

ताओताईंनी काकांच्या बोटाला चिमटा लावला. रक्तातला प्राणवायू शहाऐंशीवर आला होता. त्यांनी पंप बंद करायला हात पुढे केला, तर काकांनी त्यांचे मनगट धरले. दगड फोडलेला हात तो.

"पोरी, एवढी पिशवी तरी संपू दे."

"नाही, काका," असे म्हणत त्यांनी दुसऱ्या हाताने पंप थांबवला.

डॉक्टर गेंगबाई आल्या. छातीच्या तपासणीत दोन्ही फुप्फुसे पांढरी दिसली. जंतूंनी असे होऊ शकते. नव्या औषधानेही होऊ शकते, कारण ते शरीराच्याच शिपायांना चेतवते आणि कधी ते शिपाई फुप्फुसांवरच उलटतात. पण दोन्हींचे उपाय वेगळे: जंतू असतील तर ते मारायचे, शिपाई असतील तर त्यांना स्टेरॉइडने शांत करायचे; आणि चुकीचा उपाय झाला तर माणूस हातचा जाणार. शेवटी काकांच्या पिशवीचे गुपित उघडावे लागले. कोणाला काय मिळते याची यादी जपणाऱ्यांना गेंगबाईंनी फोन लावला. कानाशी फोन धरून त्या उभ्या होत्या. लानयिंग त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"खरं औषध होतं," गेंगबाई म्हणाल्या. "चला, स्टेरॉइड सुरू करा."

तीन दिवस काकांचा जीव टांगणीला लागला होता. चौथ्या दिवशी नाकावरची नळी सरकवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नाव काढलं ना माझं?"

"नवं औषध कायमचं बंद. नाव नाही काढलं. शेवटपर्यंत तुमची नोंद ठेवणार आम्ही." गेंगबाईंनी खाटेच्या कडेला बसून सांगितले. "पण खोकला लपलाच असता, तर मी काय लिहिलं असतं? औषध निर्धोक आहे. आणि तुमच्या मागून येणाऱ्याला डोळे मिटून तेच दिलं असतं."

काकांनी तोंड भिंतीकडे वळवले. मग म्हणाले, "तडा गेलेलं जातं मी उभ्या जन्मात कोणाला विकलं नाही, बाई. लिहा. सतरा दिवस. जिन्यावर चारदा बसलो तेही लिहा."

माझ्यावरची चिठ्ठी ताओताईंनी स्वतः सोलून काढली. त्या महिन्यापासून नवा नियम झाला: पिशवी लावण्याआधी प्रत्येक रुग्णाने बोटाला चिमटा लावून सहा मिनिटे चालायचे.

काका पुढे चौदा महिने जगले. त्यातले नऊ महिने शेवया खाल्ल्या. नंतर घसा पुन्हा मिटला.

काका गेल्यावर शेवटच्या कागदावर सही करायला लानयिंग आली. सही झाल्यावर ताओताईंनी तिला सांगितले, "अकरा नंबरच्या खाटेवर एक बाई आहेत. चालताना त्यांचा प्राणवायूचा आकडा घसरला. वेळेवर कळलं. दुआनकाकांमुळे."

लानयिंगने दारातूनच त्या बाईंकडे पाहिले. "जेवतात का?" तिने विचारले.

"दोन्ही वेळा."

"बरं," ती म्हणाली, आणि हातमोज्यानेच डोळे पुसून जिना उतरून गेली.

आता माझी बॅटरी टिकत नाही. शिकाऊ परिचारिकांच्या वर्गात माझ्यातून नुसते पाणी सोडतात. मुली मुद्दाम नळी दुमडतात, मी वाजतो, आणि त्यांचे बोट चटकन बटणाकडे जाते. मित्रांनो, घरात कोणी विव्हळले, कुरकुरले, तर तुम्ही तरी त्याला आधी गप्प करू नका. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसा. आणि दुखणे तुमचे स्वतःचे असेल, तर ते पहिल्या दिवशीच सांगा. सतराव्या दिवशी नको.