मी बंद आहे, तरी वाजतो

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घाबरायला नको. मी बंद आहे. माझी वायर भिंतीतून काढून, गुंडाळून, माझ्याच डोक्यावर ठेवलेली आहे. माझ्या पोटातल्या सातही ट्यूब जुन्या मोज्यांत गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातल्या आहेत. अशा अवस्थेत मला साधं खाकरतासुद्धा येणार नाही. तरीही या घरातल्या एका माणसाला मी डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत ऐकू येतो. बारीक, उंच, एकसुरी शिट्टी. तो भर दुपारी या खोलीत येतो, माझ्या पाठीवर हात ठेवून मी गार आहे की गरम ते बघतो आणि बाहेर ओरडून विचारतो, "अगं, आत्ता वाजतोय का हा?"

"नाही रे दादा, बंद आहे तो!" बाहेरून त्याची बहीण उत्तर देते.

"काय म्हणालीस?"

मग ती दारात येते आणि नुसती मान हलवते. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहतो. भूत बघावं तसा बघतो हो तो माझ्याकडे! मला फार वाईट वाटतं.

मी एक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. आता म्हाताराच म्हणायचा. माझा जन्म एका दुरुस्तीच्या दुकानात झाला. तिथले मिस्त्री पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ घेऊन येणारी माणसं कमी झाली, तेव्हा हातांना चैन पडेना म्हणून त्यांनी मला बनवायला घेतलं. एकेक जोड त्यांनी स्वतः दिला. विटेसारखे जड दोन ट्रान्सफॉर्मर, पाच लहान ट्यूब, दोन मोठ्या. ट्यूब म्हणजे काचेच्या बंद नळ्या. तापल्या की आतून नारिंगी उजळतात. माझ्या पुढच्या पट्टीवर दोन बटणं होती. पहिलं दाबायचं आणि गप्प बसायचं. नळ्या तापल्या की मग दुसरं दाबायचं. कुणी घाई केली की मिस्त्री त्याच्या बोटांवर पट्टी मारायचे.

माझं काम तसं सोपं आहे. गिटारच्या तारेतून येणारा आवाज असतो केवढासा, चिलटाएवढा. पहिली ट्यूब तो वाढवते. तिने वाढवलेला दुसरी वाढवते. तिसरी, चौथी कुणी मागे हटत नाही. शेवटी तो आवाज मावेनासा होतो आणि फाटतो. एरवी आवाज फाटला की लोक नाकं मुरडतात. माझा फाटला की टाळ्या वाजवतात! पण त्यात एक गोम आहे. हळू वाजवलं तर माझ्यात राम नाही. मला पिळावं लागतं, चढवावं लागतं, तेव्हा कुठे मी खुलतो. माझा हा गुण मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात मिरवायचो.

मला पहिल्यांदा वाजवून बघायला आला तो दादा. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नजर तपासायचं आणि भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम करायचा. बोटांना कायम ती पांढरी पूड. बरोबर धाकटी बहीण होती. तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती गायची, तो वाजवायचा. त्या दिवशी त्याने गिटार जोडली, दोन्ही बटणं शहाण्यासारखी थांबून दाबली, गेनचा, म्हणजे मला पिळायचा, नॉब शेवटपर्यंत फिरवला आणि एकच तार छेडली. अहो, फळीवरचे स्क्रू उड्या मारायला लागले! शेजारचा शिंपी कैची घेऊनच धावत आला. चिमणी कानांवर हात ठेवून हसत सुटली. मिस्त्री खूश झाले, पण म्हणाले, "हळू रे बाबा. ट्यूब गेली तर देईन दुसरी. कान गेले तर माझ्याकडे स्पेअर नाहीत."

दादाही हसला. त्याने मला घरी नेलं.

मागची खोली त्याने माझ्यासाठी रिकामी केली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या. खिडकी बंद केली. मला लाकडी पेटीवर ठेवलं आणि स्वतः समोर स्टुलावर बसला, हातभर अंतरावर. माझं तोंड बरोबर त्याच्या कानाशी यायचं. शेजाऱ्यांच्या कानांची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या कानांची आठवणच झाली नाही. चष्म्याचं दुकान दुपारी दोन तास बंद असायचं. ते दोन तास आमचे. चिमणी दाराशी उभी राहून गायची. काय गायची म्हणून सांगू! माझ्या एवढ्या दंग्यातूनही तिचा शब्द न् शब्द वर यायचा. आम्ही तिघं सभागृहांतून वाजवायला जायचो. लोक दादाचा हात हातात घ्यायचे आणि मला निरखून बघायचे. मी फुलून जायचो.

अशी सहा वर्षं गेली. मग एका दुपारी वाजवता वाजवता दादा थांबला. माझ्या जाळीवर त्याने टिचकी मारली. "बसलाय याचा आवाज," तो म्हणाला. "धार राहिली नाही."

मी चपापलो. मला तर काहीच झालं नव्हतं.

मी इतका जड, की दोघांनी उचलल्याशिवाय हलत नाही. दोघं भावंडं मला मिस्त्रींकडे घेऊन गेली. मिस्त्रींनी ट्यूब बदलल्या. दादा म्हणाला, "हं, आता जरा बरं." वर्षभराने पुन्हा तेच. मिस्त्रींनी पुन्हा ट्यूब बदलल्या, स्पीकरही नवा बसवला. दादाला फरक पडेना. ट्रेबलचा नॉब, म्हणजे आवाजाला धार लावणारा नॉब, आधी चारवर असायचा. तो सहावर गेला, मग आठवर, मग दहावर जाऊन टेकला. ऐकायला आलेली माणसं माझ्यासमोर दात आवळून बसायला लागली. दादाला मात्र मी बोथटच लागायचो.

मग त्याचं लक्ष चिमणीकडे गेलं.

"शब्द खातेस तू हल्ली," तो म्हणाला.

"काहीतरीच काय! गाते तशीच गातेय."

"मग मला का ऐकू येत नाही? तोंडातल्या तोंडात गातेस. जरा मोकळा लाव की आवाज."

तिने मोकळा लावला. तो म्हणाला, अजून. तिने अजून लावला. तो म्हणाला, अजून. हे रोज चाललं. ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लागली. डॉक्टरांना घसा दाखवून आली. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. पण तिचा डॉक्टरांपेक्षा भावावर विश्वास. लहानपणापासून दादा म्हणेल ती पूर्व दिशा! एका दुपारी तिने गाण्यांची वही माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "तू वाजव रे. माझा आवाज गेलाय. तुला सांगवत नाही, एवढंच." त्यानंतर ती गायली नाही. खोलीत यायची, चहाचा कप स्टुलाशी ठेवायची आणि जायची.

मित्रांनो, मला सगळं समजत होतं. तिचा आवाज मी रोज ऐकत होतो. तो कुठेही गेला नव्हता. पण मी बोलणार कसा? मला जे द्याल तेच मोठं करून बाहेर काढता येतं. माझा स्वतःचा असा एक शब्दही नाही.

तिचं गाणं बंद होऊन वर्षं लोटली. चौथ्या वर्षी दादा मला तिसऱ्यांदा दुरुस्तीला घेऊन गेला. दुसरी बाजू धरायला अर्थात चिमणी होतीच.

या वेळी मिस्त्रींनी ट्यूबची खोकी काढली नाहीत. मला फळीवर ठेवलं, सगळे नॉब मध्यावर आणले आणि मला एक यंत्र जोडलं. ते यंत्र नुसती शिट्टी देतं, हवी तेवढी खाली, हवी तेवढी वर. शेजारी छोटा पडदा. माझ्यातून आवाज निघत असेल तोवर त्या पडद्यावर हिरवी लाट नाचत राहते.

"आवाज कुठे तुटतो ते सांगा," मिस्त्री दादाला म्हणाले. "मीही बघतो."

शिट्टी खालून सुरू झाली. वर वर जायला लागली. दादा डोळे मिटून मान डोलवत होता. "आहे... आहे... आहे..." मग त्याने हात वर केला. "हं! इथे तुटला. बघा, मी सांगत होतो ना? इथून पुढे याच्यात जीवच नाही."

दादाने डोळे उघडले. पडद्यावर लाट नाचत होती. चिमणीने मात्र कानांवर हात दाबले होते, कारण शिट्टी सुईसारखी टोचत होती.

"बंद करा की आता," दादा म्हणाला. "तुटला म्हटलं ना."

"चालू आहे, दादा," मिस्त्री हळूच म्हणाले. त्याला ते ऐकू गेलं नाही. मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हणाले, "वाजतोय तो. आम्हाला दोघांनाही ऐकू येतोय."

दिवसभर लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावणारा तो माणूस. आता स्पष्ट दिसतंय का, असं हजारदा विचारणारा. तो त्या लाटेकडे बघतच राहिला. तपासणी माझी चालली होती आणि नापास तो झाला.

"मागच्या खेपेलाच मला शंका आली होती," मिस्त्री म्हणाले. "जीभ रेटली नाही माझी. चांगल्या ट्यूब काढून नव्या घातल्या. चुकलंच माझं."

चिमणीने कानांवरचे हात काढले. "म्हणजे माझा आवाज..." ती म्हणाली आणि थांबली.

"तुमच्या आवाजाला काय धाड भरलीय?" मिस्त्री म्हणाले.

ती हसली नाही, रडलीही नाही. तिने खाली वाकून माझी एक बाजू धरली. दुसरी दादाने धरली. दोघांनी मला घरी आणलं.

आता सांगतो ती माझी सगळ्यात वाईट दुपार. दादाने दार लावून घेतलं. त्याला ते पटलंच नव्हतं. त्याने माझे सगळे नॉब दहावर नेले, स्टूल पुढे ओढलं, कान माझ्या जाळीला जवळजवळ लावला आणि वाजवायला लागला. ऐकू येतं हे त्याला सिद्ध करायचं होतं, कुणाला कोण जाणे. चिमणी दार बडवत होती. माझा फ्यूज उडावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. पण मिस्त्रींचं काम पक्कं. दोन तास मी त्याच्या कानात ओरडत होतो, मित्रांनो. थांबायचं माझ्या हातात नव्हतं.

त्याने शेवटी मला बंद केलं, तेव्हा त्याच्या कानातली शिट्टी थांबली नाही. अजूनही थांबलेली नाही. आधी त्याने बटण बंद केलं, मग वायर काढली, मग फ्यूज, मग ट्यूब. प्रत्येक वेळी तो मान तिरकी करून ऐकायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही, उरलंय तेवढं जपा. उरलेलंही हळूहळू कमी होत गेलं. चिमणीचं गाणंही बंदच राहिलं. खरं सांगू? त्याने इतक्या वेळा विचारलंय, की आता माझीच मला खात्री वाटत नाही. दुपारी घर शांत झालं की माझ्या रिकाम्या खोबण्यांत खरंच काही वाजतंय का, ते मी जीव मुठीत धरून ऐकत बसतो.

मागच्या आठवड्यात त्याने चिमणीला खोलीत बोलावलं. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "गा."

"मी? आता?" तिने हाताने विचारलं.

"खोट माझ्यात होती आणि मी ती तुझ्या गळ्यात काढली. गा ना. मला ऐकायचंय."

ती दाराशी उभी राहिली, पूर्वी राहायची तिथेच. तिने सुरू केलं. आवाज जरा गंजला होता, पण तोच होता. दादा तिच्या ओठांकडे बघत गुडघ्यावर ताल धरत होता. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याला तिचा गळा दाटून आला आणि आवाज बंद झाला. एक सूरही निघेना. तिने दादाकडे बघितलं. तो ताल देत होता, मान डोलवत होता. मग तिने काय करावं? नुसते ओठ हलवत ते कडवं शेवटपर्यंत नेलं.

"वा!" दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आज काय आवाज लागलाय तुझा! विशेषतः दुसऱ्या कडव्याला."

तिने मान हलवली आणि चहा ठेवायला गेली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माझं काहीही बिघडलं तरी नवं बसवता येतं. तुम्ही माझ्यापासून चार हात लांब बसा, कानात बोळे घाला, आणि मी बंद असताना मी ऐकू यायला लागलो तर मला मिस्त्रींकडे नेऊ नका, स्वतः डॉक्टरांकडे जा. आणि कुणी तुम्हाला म्हणालं, की तुमचा आवाज पोचत नाही, तर गाणं थांबवण्याआधी त्याला ऐकू येतं का, ते एकदा बघून घ्या. चिमणीला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही.