पुलापर्यंत

बावीस वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी काय, हाक मारली म्हणून उठते होय? पण हे फिटरला सांगणार कोण? पंपघरात पस्तीस वर्षं पाने फिरवून माणूस निवृत्त झाला, दोन महिने घरात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिला आणि तिसऱ्या महिन्यात त्याने वडिलांच्या ट्रकवरची ताडपत्री ओढून काढली. लष्कराच्या लिलावात घेतलेला जुना ट्रक तो, चारही चाकांना जोर असलेला. वडिलांनी त्यातून डोंगरावर पाइप वाहिले होते. आता सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेले, टायर जमिनीला चिकटलेले, टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला.

"आठ दिवसांचं काम आहे," तो म्हणाला होता. त्याला आता चार महिने झाले.

या चार महिन्यांत ट्रकचं काय व्हायचं ते झालं, पण त्याच्या बायकोच्या मात्र नाकी नऊ आले. गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणतात. दिवसभर कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर, मान मोडून मशीनवर बस, आणि जरा पाठ टेकावी म्हटलं की शेडमधून हाक यायची, "अगं, जरा येतेस का?" हे 'जरा' दीड तासाच्या खाली कधी संपलं नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची तर दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी. तो चाकाखाली आडवा, ती वर सीटच्या उघड्या स्प्रिंगांवर. "दाब." ती दाबायची. "धरून ठेव." ती धरून ठेवायची. "सोड." एकेका चाकाला एकेक संध्याकाळ गेली. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर नवरा-बायकोत एवढं तरी बोलणं होतंय हे काही कमी नाही, असं मनात येऊन तिला एकटीलाच हसू फुटलं.

तिला सरळ 'नाही, मी दमलेय' म्हणता आलं असतं. म्हणाली नाही, त्याला कारण एक कागद. थंडीच्या सुरुवातीला तिने त्याची पँट उसवायला घेतली, तेव्हा मागच्या खिशात तो घडी घातलेला सापडला. डोळ्यांच्या डॉक्टरांचा. बाजूचं दिसणं जवळजवळ गेलंय, समोरचंही धूसर होत चाललंय, गेलेलं परत येणार नाही. आणि शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारलेली: वाहन चालवू नये. घरात मात्र तो सांगत होता की चष्म्याचा नंबर जरा वाढलाय. तिने कागद होता तसा घडी घालून ठेवून दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडायची तेव्हा तोच उघडेल, असं तिने ठरवलं.

पण तो कसला उघडतोय. उलट जेवायला बसला की एकच पालुपद, "एकदा सुरू झाली की मी स्वतः चालवत पुलापर्यंत नेऊन आणणार. मग विकलीस तरी माझी हरकत नाही." पुलापर्यंतचा रस्ता म्हणजे शाळा, बाजार आणि सायकलवरची पोरं. हा माणूस कुणाला तरी चिरडणार, नाहीतर स्वतः मरणार. गाडी कधी सुरूच होऊ नये असं तिला वाटायचं, आणि तो काळ्या हातांनी, थकून, शेडच्या खांबाला टेकून बसलेला दिसला की व्हावी बाई एकदाची, असंही वाटायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

म्हणून ती जात राहिली. पट्टीवरचे बारीक आकडे ती वाचायची, कारण त्याचा 'चष्मा आत राहिलाय'. पडलेला वॉशर ती शोधायची, कारण वाकलं की त्याची 'कंबर धरते'. बहाण्यांना तोटा नव्हता. मेली ती कंबर शेडच्या बाहेर कधी धरली नाही.

शेवटी घोडं अडलं ते टायमिंगवर. ठिणगी नेमकी केव्हा पडायची हे जुळवायला इंजिनाच्या मागच्या जड चाकावर एक रेघ असते, ती बाजूच्या भोकातून बघायची. तो पुढून हँडलने इंजिन हळूहळू फिरवणार, ती हातातल्या बॅटरीचा उजेड टाकून भोकाला डोळा लावणार आणि रेघ मधोमध आली की सांगणार. भर दुपार, पत्रा तापलेला. मशीनवर तीन कोट पडून होते.

"आली," ती म्हणाली.

त्याने सगळं घट्ट केलं, किल्ली फिरवली आणि पुढे जाऊन हँडलला झटका दिला. इंजिन धाडकन उलटं फिरलं. हँडल हातातून सुटलं आणि त्याच्याच मनगटावर आदळलं. तो मनगट धरून खाली बसला.

"मोडलं का? बघू."

"काही मोडलं नाही." त्याने बोटं हलवून दाखवली, आणि मग दुखण्याचा राग तिच्यावर निघाला. "जन्मभर सुईत दोरा ओवलास आणि तुला एक साधी रेघ दिसली नाही?"

तिचंही डोकं फिरलं. तिने चिंधी रॉकेलमध्ये बुडवली, भोकातून आत घालून चाक पुसलं आणि पुन्हा उजेड टाकला. "रेघा दोन आहेत," ती म्हणाली. "एक छिन्नीने मारलेली, जाड. मी ती सांगितली. अलीकडे दुसरी आहे, केसासारखी. मळाखाली होती."

"छिन्नीची बाबांची," तो म्हणाला. "चाक उतरवलं होतं एकदा. परत बसवताना चुकू नये म्हणून त्यांनी खूण केली. छिन्नी मीच धरली होती. मला आठवायला हवं होतं." मग उठत म्हणाला, "मलाच बघू दे."

तिने जागा दिली. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने भोकाला डोळा लावला. बॅटरी तर आपण उठताना सवयीने विझवली, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. आत मिट्ट काळोख. तो बराच वेळ बघत राहिला.

"हां," तो म्हणाला. "दिसली. बारीक आहे खरी."

तिला गलबलून आलं. "बारीकच आहे," ती कशीबशी म्हणाली. मग परत तिनेच डोळा लावला, 'थांबा, आता' तिनेच सांगितलं, आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. शेड धुराने भरली. तो दोन्ही तळवे बॉनेटवर टेकून ती थरथर अंगात मुरवत उभा राहिला. चार महिन्यांत तो असा हसला नव्हता. तीही हसली, तेवढ्यात त्याने तोंड उघडलं.

"उद्या सकाळी. पुलापर्यंत."

रात्री तिला झोप कसली लागतेय. किल्ली लपवावी, तर तो चाचपून शोधेल. वायर काढावी, तर बोटांनी लावेल. सकाळी त्याने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, दाढीसुद्धा केली. ती बाहेर आली आणि फाटकाची दोन्ही दारं तिने सताड उघडून भिंतीला टेकवून ठेवली. अडवता नाही आलं, तर निदान पुढे धावत जाऊन रस्त्यावरच्या सायकली तरी थांबवता येतील, एवढंच तिला सुचलं होतं.

ट्रक शेडमधून घरघरत निघाला, अंगणात सरळ आला आणि फाटकापासून दहा-बारा पावलांवर थांबला. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"अगं, फाटक उघड की."

तिने फाटकाकडे पाहिलं. मोकळा रस्ता, पलीकडची काळपट भिंत, सायकल हातात धरून चाललेली एक मुलगी. चार पावलं जायचं, कडी वाजवायची, परत यायचं. काल बोलली त्याहून मोठं खोटं नव्हतं ते. ती दोन पावलं गेलीसुद्धा. मग वळून आली आणि तिने ट्रकच्या दारावर हात ठेवला.

"उघडंच आहे," ती म्हणाली. "दोन्ही दारं. केव्हाची."

तो समोर बघत राहिला. हात स्टिअरिंगवर तसेच. मग त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"काळं काळं काहीतरी दिसतंय," तो म्हणाला. "मला वाटलं, फाटक."

"पलीकडची भिंत आहे ती."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"थंडीपासून. पँट उसवली तेव्हा."

"आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्याला काहीतरी आठवलं. "मग काल त्या भोकात..."

"बॅटरी बंद होती."

"मग मी बघितलं काय गं?"

"देव जाणे," ती म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. तोही हसला, पण ते हसू फार टिकलं नाही.

"एकदा चालवून झाली की सांगणार होतो," तो म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर तू बसूच दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

त्याने किल्ली काढून खिडकीतून तिच्यापुढे धरली. "ठेव तुझ्याकडे. माझ्याकडे राहिली तर मी पुन्हा बसेन. मला माझा भरवसा नाही."

चार महिने तिला हेच तर हवं होतं. किल्ली हातात आली, तेव्हा त्याच्या मुठीने ती गरम झाली होती, आणि आपण या माणसाच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतलं असं वाटून तिला अगदी वाईट वाटलं.

त्याने दार उघडलं. एरवी तो या ट्रकमधून सगळं दिसत असल्यासारखा झटकन उतरायचा, कितीदा नडगी सोलून घेतली तरी. आज त्याने पाय खाली सोडला, पायरी इकडे चाचपली, तिकडे चाचपली, आणि ती काही सापडेना.

"कुठंय गं?" त्याने विचारलं.

"अजून थोडं खाली," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.