यॉन-दान घर सोडत नाही

माझी बायको ओक-रान गेली त्याला आता अकरा महिने झाले. मुलींच्या शाळेत ती इतिहास शिकवायची. मी बॉयलर दुरुस्त करायचो. आमच्या आन्दोंगमध्ये हिवाळ्यात घराच्या फरशीखालून फिरणारं गरम पाणी थांबलं की लोक मला फोन करायचे. नऊ हिवाळे ओक-रान जेवणाच्या टेबलावर बसून सिनेमाची एक पटकथा लिहीत होती. प्रांताच्या स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं, फुलं मिळाली, आणि ते बाड कपाटात गेलं ते गेलंच.

यंदा वसंतात सोलच्या एका फिल्म कंपनीचा फोन आला. पटकथा हवी होती. वारस दोघं, मी आणि मुलगी सो-दाम, म्हणून दोघांचीही सही लागणार होती. सो-दाम फोनवर रडलीच. "बाबा, पडद्यावर आईचं नाव येईल. सगळ्यांना दिसेल." मला तरी दुसरं काय हवं होतं?

डायरेक्टर बाई स्वतः आल्या. म्योंग हे-वोन, पस्तिशीच्या असतील, बोलायला चांगल्या. बाजाराजवळच्या खानावळीत मी, सो-दाम आणि बाई बसलो, खारवलेला बांगडा मागवला. बाईंनी ताट येण्याआधीच सहीचे कागद आणि बदललेली पटकथा माझ्यापुढे ठेवली.

"काका, थोडे बदल केलेत. मुख्य म्हणजे शेवट."

"काय केलंय शेवटी?"

"आपली नायिका, यॉन-दान, घोड्यावर बसून घर सोडते. मूळ पटकथेत नवरा दुसरी बाई ठेवून तिच्याकडे निघून जातो आणि ही तिथेच राहते. म्हातारीला सूप भरवत बसते. आजच्या मुली थिएटरात ओरडतील हो, 'ऊठ बाई, नीघ एकदाची!'"

"अहो, पाचशे वर्षांपूर्वीची बाई ती," मी म्हणालो. "निघून जाणार कुठे? त्या काळी बायका सोसायच्या. आजच्या मापानं तिला कसं मोजता?"

सो-दामनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. "हे बाबांचं आवडतं वाक्य. त्या काळी बायका सोसायच्या. आईचं नाव काढलं तरी हेच."

"तुझ्या आईनं काय सोसलं?"

"दर श्राद्धाला दोन दिवस तेलासमोर उभं राहून तळणं कोण करायचं? आणि वाडवडिलांना दारूचा पेला कोण ओतायचं? तुम्ही, तुमचा भाऊ, आणि तो पिऊन डुलत येणारा चुलतभाऊ. त्याला चपला नीट काढता यायच्या नाहीत, पण पेला तोच ओतणार."

डायरेक्टर बाई बांगड्याचे काटे काढत राहिल्या.

"वाचलीत का हो बाबा तुम्ही आईची पटकथा? एकदा तरी?"

नव्हती वाचली. खोटं बोलावंसं वाटलं, पण मुलगी माझ्याकडेच बघत होती. मी म्हणालो, उद्या सही करतो, आधी वाचू द्या.

घरी येऊन दोन्ही वाचल्या, आधी ओक-रानची, मग कंपनीची. मला वाचायला वेळ लागतो. दुपारपासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत बसलो होतो.

ओक-रानच्या पहिल्याच पानावर नवरा मुलगा कपड्यांचं गाठोडं घेऊन यॉन-दानच्या वडिलांच्या दारात येतो, कायमचा राहायला. समासात ओक-रानचं पेन्सिलीतलं अक्षर होतं: 'त्या काळची रीत हीच. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी. मुलं आईच्या घरी वाढत.' पुढे वडील वारतात. मुलगे आणि मुली एकत्र बसून सारखी वाटणी करतात, तसा कागद होतो, आणि घर यॉन-दानच्या वाट्याला येतं. श्राद्धही भावंडांनी पाळीपाळीनं करायचं. तिच्या वाटचं श्राद्ध येतं तेव्हा भाऊ पाहुण्यासारखे मागे उभे राहतात आणि पेला ती ओतते. सूप भरवते ती म्हातारी तिची आई आहे. नवरा गेला तर गेला. ती कुठे जाईल? घर तिचं आहे.

मग कंपनीची पटकथा उघडली. तेच घर, पण आता सासरचं. म्हातारी तिची सासू. श्राद्धाच्या दिवशी यॉन-दान अंगणात भांडी घासते आहे, आणि आत तिचे दीर पेला ओततायत. असं असल्यावर ती बिचारीच दिसणार. मलासुद्धा तिचा राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच खानावळीत बसलो. पुन्हा बांगडा मागवला, पण मी हातसुद्धा लावला नाही.

"बाई, तुम्ही तिला सासरी का पाठवलीत?"

त्या दचकल्या नाहीत. "माहीत आहे मला, काका. तुमच्या मिसेसचं बरोबर आहे. आम्ही प्राध्यापकांना विचारलं, त्यांनी एक चूक काढली नाही. पण प्रेक्षकांना कोण समजावणार? जावई सासरी राहतोय, लग्न झालेली मुलगी बापाचं श्राद्ध करतेय. पहिल्याच दिवशी लोक लिहितील, यांना इतिहास येत नाही, आजची बाई जुने कपडे घालून उभी केलीय."

"म्हणजे खरी होती, म्हणून खोटी वाटते."

"तसंच काहीसं."

"म्हणून तिला सासरी धाडली. सासरी धाडल्यावर ती तिथे राहते, म्हणून ती दुबळी. दुबळी, म्हणून आता घोड्यावर घालून हाकलायची. अहो, तिचं घर तुम्हीच काढून घेतलंत आणि वर तिलाच विचारता, अजून इथे का बसलीस?"

माझा आवाज चढला असणार. शेजारच्या टेबलावरची आजीबाई वळून बघायला लागली.

डायरेक्टर बाईही आता चिडल्या. "आणि तुम्ही काका? काल इथेच बसून म्हणालात, त्या काळी बायका सोसायच्या. तो प्रेक्षक तुम्हीच आहात. तुम्हाला तरी ते खरं वाटलं असतं का?"

नसतं वाटलं. एका श्राद्धाच्या आदल्या दिवशी मुगाची धिरडी उलटता उलटता ओक-रान म्हणाली होती, "पूर्वी मुलीही पेला ओतायच्या, माहितीय का?" मी म्हणालो होतो, "ते तुझ्या शाळेत शिकव. आमच्या क्वोनांच्या घरात नको." ती हसली होती. मला वाटलं, विषय संपला.

"घर तिचं राहू द्या," मी डायरेक्टर बाईंना म्हणालो. "श्राद्धाचा प्रसंग राहू द्या. मग शेवटी घोड्यावर बसवा नाहीतर बैलगाडीत, माझं काही म्हणणं नाही."

"कंपनी ऐकणार नाही. मी दोनदा भांडलेय त्यासाठी, खरंच सांगते." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. "सही नाही झाली तर त्यांच्याकडे दुसरी गोष्ट तयार आहे. मग तुमच्या मिसेसचं नाव कुठेच येणार नाही."

"बाबा," सो-दाम हळूच म्हणाली. तिची सही आधीच झालेली होती. "करा ना. एक सही."

मी पेन उचललं नाही. सांगितलं, नाही जमणार. डायरेक्टर बाईंनी कागद पिशवीत घातले, वाकून नमस्कार केला आणि गाडीची वेळ झाली म्हणून गेल्या. बिल देताना मालकीण म्हणाली, "मासा बरा नव्हता का?"

सो-दाम मला घरी सोडायला निघाली. पुलाजवळच्या सिग्नलला तिनं गाडी थांबवली. मग म्हणाली, "आईनं केली असती सही."

"कशावरून?"

"तुमच्या घरात अडतीस वर्षं काढली तिनं. पदरात पडेल ते घ्यायची सवय होती तिला. नाव मिळतंय ना, मग बाकीचं जाऊ दे म्हणाली असती."

खरं असेल. मी तिला कधी विचारलंच नव्हतं, मग मला काय ठाऊक?

"तेच तर," मी म्हणालो. "या वेळी तरी तिला पडेल ते घ्यायला नको."

"या वेळी?" सिग्नल हिरवा झाला होता, मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तरी तिनं गाडी पुढे घेतली नाही. "आता तिची कुठली वेळ राहिलीय, बाबा?"